‘काकूंच्या हाताला गुण आहे!’

नाशिकहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ५८, राहणं सिडकोत, माहेर दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचं. यजमान ६३ वर्षांचे, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना दहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. ताईंकडे खारी-बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि त्यात घरच्यादारच्या सगळ्यांसाठी औषधं असतात. ताप, सर्दी, पोटात गुबारा, कंबरदुखी, काहीही झालं की बिल्डिंगमधली माणसं मेडिकलच्या आधी त्यांचं दार वाजवतात. ‘काकूंच्या हाताला गुण आहे’ असं सगळे म्हणतात.

मागच्या महिन्यात सुनेने सासऱ्यांची रक्ततपासणी करून घेतली. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट गाळत नसली की रक्तात वाढणारं द्रव्य) १.६ आलं, दोन वर्षांपूर्वी ते १.१ होतं. त्याच संध्याकाळी, ताईंची नणंद घरी आलेली असताना, सुनेने डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला, पाकिटं मोजली (४३ निघाली, त्यातली ११ मुदत संपलेली) आणि निम्मी कचऱ्यात टाकली. ‘आई, तुम्ही डॉक्टर नाही आहात,’ एवढंच बोलली. तेव्हापासून दोघींमध्ये कामापुरतं बोलणं आहे.

यजमानांचे गुडघे दुखतात. त्यासाठी रोज एक, कधी दोन दुखण्याच्या गोळ्या असतात. शिवाय चार महिन्यांपासून रोज रात्री ओळखीतल्या एकाने दिलेली आयुर्वेदिक पुडी. पुडीने फारच फरक पडला, भूक सुधारली, चेहराही भरला, असं ताई लिहितात. ती पुडी देवघराच्या खणात होती म्हणून सुनेच्या हातून वाचली. ताई विचारतात: पंचवीस वर्षांत कुणाला काही झालं नाही, मग मी चुकले कुठे? डॉक्टरही शेवटी हेच लिहून देतात ना? आणि आता हा डबा बंदच करायचा का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. डबा उपडा झाला त्या संध्याकाळचं वर्णन दीड पान आहे आणि क्रिएटिनिनचा आकडा एका ओळीत, तोही सुनेच्या तक्रारीच्या ओघात. अपमान ताजा असला की असंच होतं. मी मात्र क्रम उलटा धरते. आधी यजमान, मग डबा, आणि सून सगळ्यात शेवटी.

पण त्याआधी माझी कबुली. मी बावीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होते. ‘ती अर्धी लाल अर्धी पिवळी द्या’, ‘मागच्या वेळी पोटासाठी नेली होती ती’, ‘सर्दीवर काहीतरी जालीम द्या, उद्या लग्नाला जायचंय’ हे मी रोज ऐकलं, आणि पुष्कळदा काही न विचारता कात्रीने पाकीट कापून दिलं. तुमचा डबा भरला तो माझ्यासारख्यांच्याच हातून. त्यामुळे तुमच्यावर डोळे वटारण्याचा मला काही अधिकार नाही.

आता ती रोजची गोळी. नाव लिहिलंत ते बरं केलंत, डायक्लोफेनॅक आहे. आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी तिचीच भावंडं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती अडवून ही गोळी सूज आणि दुखणं कमी करते. अडचण अशी की मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक नळी मोकळी ठेवायचं कामही हीच द्रव्यं करतात. धडधाकट तरुणाने दोन दिवस गोळी घेतली तर मूत्रपिंड सांभाळून घेतं. तुमच्या यजमानांचं तसं नाही. त्यांच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे आणि त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे.

माहेरच्या बागेतलं ठिबक आठवा. मोटर विहिरीतलं पाणी ढकलते आणि दाब असेल तरच ते फिल्टरमधून पुढे जातं. दुखण्याच्या गोळीने फिल्टरच्या अलीकडचा व्हॉल्व्ह आवळला. टेल्मिसार्टनने पलीकडचा सैल सोडला. (एरवी हे चांगलंच असतं, बीपीच्या कितीतरी रुग्णांची मूत्रपिंडं त्यामुळे टिकतात.) आणि लघवीच्या औषधाने विहिरीची पातळीच थोडी उतरवली. तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या की फिल्टरमध्ये दाब राहत नाही. एप्रिलच्या उन्हात, जुलाब लागलेले असताना, एकादशीला पाणीही बेतानं प्यायलेलं असताना हे जास्त लवकर घडतं. आणि दुखत तर काहीच नाही. लघवी होते, जेवण जातं, नुसता रक्तातला आकडा सरकत राहतो. वर ही गोळी बीपीही वाढवते. म्हणजे एका हाताने बीपीची गोळी द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचा परिणाम पुसायचा, असं चाललंय.

तुम्ही कधी अंजनेरीला गेला असाल तर तिथल्या कड्यावर गिधाडं बघितली असतील. आपल्या लहानपणी ती गावोगाव दिसायची. नव्वदच्या दशकात ती देशभर पटापट मरायला लागली, नव्वद टक्क्यांहून जास्त गेली, आणि कारण कुणाला कळेना. २००४ मध्ये उलगडा झाला: गुरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचलं जायचं, ती मेली की गिधाडं त्यांना खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या बाटल्याही बंद केल्या. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आपल्याला हे औषध पुष्कळ जास्त सोसतं. पण ‘साधी दुखण्याची गोळी’ असं कुणी म्हणालं की मला तो कडा आठवतो.

तेव्हा डायक्लोफेनॅक आजपासून बंद. ते एकदम थांबवलं तरी शरीराला काही होत नाही, गुडघा कुरकुरेल तेवढाच. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने थांबवू नका, तिचं काय करायचं ते डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील. असं वाढलेलं क्रिएटिनिन गोळी वेळेत बंद केली तर पुष्कळदा खाली येतं. गुडघ्यासाठी शेक, मांडीचे स्नायू घट्ट करणारे व्यायाम आणि चार-पाच किलो वजन कमी करणं यांचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा जास्त होतो, फक्त तो दोन तासांत दिसत नाही. फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीनदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या. फारच दुखलं तर मर्यादेत पॅरासिटामॉल. त्या मर्यादेबद्दल पुढे लिहिते.

आणि ती पुडी.

‘भूक सुधारली, चेहरा भरला’ हे तुम्ही आनंदाने लिहिलंय. मी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. चार महिन्यांत गुडघ्याला जादूसारखा आराम, वाढलेली भूक, गोल झालेला चेहरा. त्याच रिपोर्टात, तुम्ही ओझरतं लिहिलंय, साखरही काठावरून वर गेलेली. हे सगळं एकत्र आलं की काउंटरमागे उभ्या राहिलेल्या कुणाच्याही मनात एकच शब्द येतो: स्टेरॉइड, म्हणजे सूज झटकन दाबणारं, पण भूक आणि साखर वाढवणारं जालीम औषध. आयुर्वेदाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन असलं स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. यात आयुर्वेदाचा दोष नाही. चांगला वैद्य औषधाचं नाव सांगतो, लिहून देतो. तुमच्या पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आत काय आहे हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, आणि भीतीचं कारण नेमकं तेच आहे. शिवाय स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी एकत्र पोटात गेली तर जठरात जखम होऊन रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. डांबरासारखी काळी शौच झाली तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा.

इथे एक उलटी गोष्ट सांगते. डायक्लोफेनॅक मी आजच बंद करा म्हटलं. पुडी मात्र रागाच्या भरात गटारात टाकू नका. स्टेरॉइड काही आठवडे रोज पोटात गेलं की शरीर स्वतःचं तसलं संप्रेरक बनवणं कमी करतं. मग बाहेरचा पुरवठा एकदम तुटला तर माणूस गळून जातो, उलट्या होतात, बीपी खाली जातं, कधी जिवावरही बेततं. म्हणून आज-उद्यात डॉक्टर गाठा, पुडी समोर ठेवा, किती महिने, रोज किती, शेवटची कधी, सगळं सांगा. एकदम बंद करायची की हळूहळू उतरवायची हे त्यांना ठरवू द्या. मधेच कधी ती संपली आणि यजमानांना चक्कर, उलट्या, कमालीचा थकवा असं काही झालं तर सरळ १०८ ला फोन.

आता तुमचा पहिला प्रश्न. पंचवीस वर्षांत कुणाला काही झालं नाही.

ताई, तुम्हाला कसं कळलं?

खवचटपणे विचारत नाही. माझीही अगदी हीच समजूत होती. ज्यांना बरं वाटलं ते परत येऊन सांगतात, ‘काकू, एका गोळीत उतरलं बघा!’ त्यातले बरेचसे तसेही बरे झाले असते. औषध घेतलं तर सर्दी सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर आठवडा लागतो, ही थट्टा आपण सगळेच करतो. ज्याला बरं वाटलं नाही तो परत येत नाही, तो डॉक्टरकडे जातो. आणि तिथेही ‘शेजारच्या काकूंनी एक गोळी दिली होती’ असं सहसा सांगत नाही. त्याला तुमचं नाव मधे आणायचं नसतं, किंवा ती गोळी त्याच्या लेखी औषधच नसते.

माझ्या दुकानात एक रिक्षावाले गृहस्थ यायचे. महिन्याला तीन-चार पाकिटं दुखण्याच्या गोळ्या न्यायचे, कंबरेसाठी. हसतमुख, उधारी कधी नाही. सहा-सात वर्षं मी त्यांना गोळ्या दिल्या आणि एकदाही विचारलं नाही की रोज किती घेता. मग महिना-दीड महिना ते आले नाहीत. एक दिवस त्यांची बायको सलाईनचा सेट घ्यायला आली तेव्हा कळलं की पोटात रक्तस्राव होऊन ते भरती आहेत, चार बाटल्या रक्त चढवलं. ती मला दोष द्यायला आली नव्हती, तिला तर तसा संशयही नव्हता. ‘उपाशीपोटी रिक्षा चालवायचे ना, त्यानं झालं,’ म्हणाली. ते वाचले. पण ती त्या दिवशी आली नसती, तर माझ्याही हिशेबात ‘कुणाला काही झालं नाही’ असंच राहिलं असतं.

‘डॉक्टरही हेच लिहून देतात’ हे मात्र बऱ्याच अंशी खरं आहे. दोन तास रांगेत बसायचं, फी द्यायची आणि हातात तीच गोळी येते, याचा वैताग मी समजू शकते. नोकरी बुडवून ओपीडीत बसणाऱ्याला ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ म्हणणं सोपं असतं. पण डॉक्टर गोळी लिहितात तेव्हा किती दिवस तेही लिहितात, आणि तो कागद घडी घालून आपण हरवतो. गोळी राहते, ‘तीन दिवस’ जातात. मग तीच गोळी पुढच्या वर्षी, वेगळ्या माणसाला, वेगळ्या दुखण्यावर. डॉक्टरांनी ती तुमच्या जावेला दिली होती. तिला अॅसिडिटी नाही, तिची अँजिओप्लास्टी झालेली नाही, तिला दिवस गेलेले नाहीत, हे बघून दिली होती. तीच गोळी रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याला गेली तर रक्तस्राव, आणि पाचव्या महिन्यानंतरच्या गर्भवतीला गेली तर बाळाच्या मूत्रपिंडांना आणि हृदयाला धोका.

पॅरासिटामॉलचा हिशेब सांगायचा राहिला. तुमच्या डब्यातली मला सगळ्यात आवडणारी गोळी तीच. बेतानं घेतली तर फार गुणी. मोठ्या, निरोगी माणसाला चोवीस तासांत जास्तीत जास्त चार ग्रॅम, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या. दोन गोळ्यांमध्ये निदान चार ते सहा तास. वयस्कर, अंगाने किरकोळ, दारू घेणारा किंवा यकृताचा त्रास असलेला असेल तर याहून बरंच कमी. आता समजा वरच्या मजल्यावरच्या मुलाला ताप आला. त्याने दिवसभरात ६५० च्या पाच गोळ्या घेतल्या. सर्दीही आहे म्हणून तुम्ही तीन वेळा सर्दीची गोळी दिली. सर्दीच्या गोळीच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा, बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल ५०० असतंच. अंगदुखीच्या मिश्रणाच्या गोळीतही असतं. ३२५० अधिक १५००, झाले पावणेपाच ग्रॅम. त्याला वाटतंय त्याने तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी गोळी घेतली. यकृताला नावं कळत नाहीत. जास्त मात्रेचा फसवेपणा असा की पहिल्या दिवशी फारसं काही वाटत नाही, जराशी मळमळ. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, आणि तिच्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याची शंका आली तर ‘ठीक तर आहे’ म्हणून थांबायचं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

लहान मुलांना तुमच्या डब्यातलं काहीही नको, हे मी जरा कडकपणेच सांगते. तापाचे थेंब आणि तापाचं सिरप ही दोन वेगळी औषधं आहेत. थेंबांमध्ये साधारण प्रत्येक मिलीत १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, साध्या सिरपात पाच मिलीत १२०. थेंबांची बाटली हाती आली आणि सिरप समजून चमचाभर पाजलं, तर दहा किलोच्या बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं. त्याला लागतं जेमतेम १०० ते १५०. निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. खोकल्याची सिरपं दोन वर्षांखालच्यांना देऊच नयेत आणि पाचखालच्यांनाही सहसा नकोत, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली. अॅस्पिरिन तापातल्या मुलांना कधीच नाही.

पावसाळा सरताना, डेंगीच्या दिवसांत, मोठ्यांनाही तापावर फक्त पॅरासिटामॉल द्यायचं. डेंगीत रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट घसरतात आणि दुखण्याच्या गोळ्या रक्तस्रावाला वाट करून देतात. हे एक वाक्य बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलंत तरी मोठं काम होईल.

बाकीच्या पाकिटांबद्दल थोडक्यात. लाल उभी रेघ असलेली सगळी डब्याबाहेर. ती चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नसतात, आणि उरलेल्या दोन अँटिबायोटिक गोळ्यांनी व्हायरसची सर्दी हटत नाही, जंतू तेवढे शहाणे होतात. नायट्यावर लावायचं ते चार औषधांच्या मिश्रणाचं मलमही फेका, त्यातलं स्टेरॉइड खाज दाबतं आणि नायटा पसरवतं. बंद नाकाचे थेंब चार-पाच दिवसांपुढे वापरले की त्यांच्यामुळेच नाक बंद होतं. सर्दीच्या गोळीने झोप येते, ती घेऊन कसारा घाट उतरणाऱ्या माणसाच्या गाडीत मी बसणार नाही. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची तिने लघवी अडकू शकते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि सकाळी उठल्याबरोबर घ्यायची अॅसिडिटीची गोळी: तुम्ही स्वतः ती सहा वर्षं घेताय असं लिहिलंय. इतकी वर्षं घेतल्याने बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. तुमच्या शाकाहारी घरात बी-१२ आधीच बेताचं असणार. एकदा तपासून घ्या. ती एकदम सोडली तर जळजळ उसळून येते, म्हणून तीही डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

मग डबा बंद करायचा का? नको. तुम्ही बंद केलात तर यजमान स्वतः कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातील आणि किती घेतल्या हे तुम्हालाही कळणार नाही. डबा छोटा करा. एकाच ताकदीचं पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, ड्रेसिंगचं सामान, एखादं साधं अँटासिड. रोजची औषधं वेगळ्या डबीत, माणशी एक. पाकीट कापून आणलं तर नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या. मुदत बहुतेक वेळा एकाच टोकाला छापलेली असते आणि कात्री नेमकी तिथेच चालते. जागा म्हणाल तर गॅसच्या वरचं फडताळ नको, फ्रिजची दारंही नकोत, कोरडा कप्पा बरा.

बिल्डिंगमधलं कुणी आलं तर दार बंद करू नका. बसवा, ताप मोजा, पाणी द्या, आणि गोळीऐवजी विचारा: तुम्हाला कुठली औषधं चालू आहेत, कशाची अॅलर्जी आहे का, बाई असेल तर दिवस गेलेत का. ही माहिती एका वहीत लिहा. कुणाला कुठल्या गोळीने पुरळ आलं, कुणाच्या आजोबांना शुगर आहे, कोण रक्त पातळ होण्याची गोळी घेतं, हे तुम्हाला आजही तोंडपाठ असणार. मला दुकानात एवढी माहिती असती तर मी किती चुका टाळल्या असत्या! कुणाला एखाद्या औषधाचा त्रास झालाच तर तो कळवायला सरकारचा मोफत क्रमांक आहे, १८०० १८० ३०२४. डॉक्टरच पाहिजे असं नाही, कुणीही कळवू शकतं.

आता सून. ‘तुम्ही डॉक्टर नाही आहात’ हे तिचं बोलणं खरं होतं, आणि वन्संसमोर बोलली ते वाईट केलं. तिला तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, पण एकटीला, आणि दवाखान्याची फेरी झाल्यावर. ‘बोललीस ते बरोबर होतं, पण आत्यांसमोर मला फार लागलं.’ एवढंच. तिचीही बाजू बघा. लॅबमध्ये रोज असे रिपोर्ट तिच्या हातातून जातात. त्या दिवशी घरातल्याच माणसाचा निघाला आणि ती घाबरली असणार. घाबरलेली माणसं पाकिटं मोजत बसतात. आणि तुम्हाला बरं वाटणार असेल तर सांगते, एका बाबतीत तीही चुकली. औषधं अशी सरसकट कचऱ्यात टाकायची नसतात, नाल्यात किंवा गोदावरीत तर मुळीच नाहीत. गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवायच्या, पिशवीत घट्ट बांधून वर ‘औषधं’ असं लिहायचं आणि घंटागाडीत घातक कचरा म्हणून वेगळी द्यायची. उरलेली निम्मी पाकिटं दोघींनी मिळून अशीच निकालात काढा. बोलणं सुरू व्हायला तेवढं काम पुरतं.

दवाखान्यात जाताना पिशवीत रिपोर्ट, बीपीच्या गोळीचं पाकीट, डायक्लोफेनॅकचं रिकामं पाकीट आणि देवघराच्या खणातली ती पुडी घ्या. पुडी सुनेच्या देखत बाहेर काढा, ती लपवली होती हे तिला तुमच्याकडूनच कळू दे. रिपोर्ट वाचता येतात म्हणून तिलाही सोबत न्या. यजमानांना मात्र एकटं पाठवू नका. डॉक्टरांसमोर बसले की पुरुष ‘अधूनमधून घेतो एखादी’ असं सांगून मोकळे होतात, आणि चार महिन्यांत किती गोळ्या गेल्या हे त्या घरात तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.